सोफ्यावर अकरा कुशनं, आणि आजी डायनिंगच्या खुर्चीवर

कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉल साधारण 11 बाय 17 फुटांचा, पश्चिमेला बाल्कनी, भिंती फिक्या, एका भिंतीला सागवानी पुस्तकांचं कपाट. हॉलची बरीच जागा एल आकाराच्या गडद राखाडी सोफ्याने व्यापलेली: लांब बाजू सात फूट, आखूड बाजू पाच. त्यावर अकरा कुशनं. घरात माणसं चार: नोकरी करणारं जोडपं, सातवीतला मुलगा आणि 74 वर्षांच्या आजी.

मी पडदे, अभ्रे, गाद्या-उशा असं घरातल्या कापडाचं काम करते. ताईंनी मला बोलावलं ते रंगासाठी. "सोफा अगदी मरगळलेला दिसतो. दर दिवाळीला नवीन कुशनं आणते, पण खोलीला काही उठाव येत नाही. आणि संध्याकाळपर्यंत सगळी जमिनीवर." बजेट पाच हजारांच्या आत, आणि सोफा बदलायचा नाही ही अट.

पहिल्या भेटीत मी रंगाचा विषय काढलाच नाही. संध्याकाळी घर भरलेलं असताना जाते, चहा घेते आणि कोण कुठे बसतं ते बघते. सोन्याच्या रंगाची सॅटिनची चार कुशनं, टिकल्यांची दोन, इंग्रजी सुभाषितं छापलेली तीन आणि सोफ्याबरोबर आलेली दोन. झाडून सगळी 16 इंची. आल्यागेल्याने बसण्याआधी दोन-तीन उचलायची, बाजूला रचायची, मग बसायचं. सॅटिन बुळबुळीत, त्यामुळे पाठीमागे ठेवलेलं कुशन पाच मिनिटांत कमरेखाली घसरायचं. टिकल्या पाठीला टोचतात म्हणून ती दोन कुणी पाठीशी घेतच नव्हतं. मुलगा तीन कुशनं ओढून टीव्हीसमोर फरशीवर लोळत होता. त्याला ओरडा बसत होता, पण कुशनांचा खरा उपयोग करणारा त्या खोलीत तोच एकटा होता.

आणि आजी डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसल्या होत्या, टीव्हीकडे मान वळवून.

मी विचारलं, "आजी, सोफ्यावर का नाही बसत?"

"तिथे बसलं की पाय लोंबकळतात, बाई. मागे टेकावं तर आडवंच व्हायला होतं. आणि उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. त्यापेक्षा हीच बरी."

ताईंना हे नवीन नव्हतं. आईंना खुर्चीच आवडते, असं त्यांनी धरून घेतलं होतं. या घराचं काम मला तिथे सापडलं. रंग नंतर बघता येणार होते.

टेप काढल्यावर

सोफ्याच्या बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीच्या गादीपर्यंतचं अंतर, 22 इंच भरलं. उंची साडेसोळा, माणूस बसला की इंचभर दबते. आजींना खुर्चीत ताठ बसवून पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत मोजलं: 17 इंच. बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात दोन बोटं ते दोन इंच मोकळी जागा लागते, नाहीतर कड पोटरीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. म्हणजे आजींना बैठक हवी 15 इंचांची आणि सोफा देत होता 22. सात इंच जास्त. माणूस मग एकतर पुढच्या कडेवर बिनटेक्याचा बसतो, नाहीतर मागे घसरून पोक काढून बसतो. म्हातारपणी दोन्ही वाईट.

सध्याचे बहुतेक सोफे असे खोल असतात. मांडी घालून बसायला, पाय वर घेऊन लोळायला, उंच माणसाला ते छान वाटतात. दुकानात आपण दोन मिनिटं बसून बघतो, त्यात हे लक्षात येत नाही. घरातली पाच फुटांची बाई रोज तासभर बसायला लागली की कळतं.

आपल्या जुन्या बैठकीत हा प्रश्न सुटलेला होता. गादी, वर पांढरी चादर, मागे भिंतीशी लोड आणि तक्के. जमिनीवरच्या बैठकीला खोली अशी नसतेच, हवं तितकं मागेपुढे सरकता येतं, म्हणून टेका सरकता ठेवला होता. आणि लोड कडक असायचा, कापूस ठासून भरलेला. त्यावर कोपर रोवून माणूस उठू शकायचा. त्याचे अभ्रे पांढरे, कारण ते काढून धुवायचे असत. शोभेचं कुशन आपल्याकडे आलं तेव्हा त्याने लोडाची जागा घेतली, काम मात्र घेतलं नाही. मला ते काम परत हवं होतं.

आजींचा टेका

सात इंच भरून काढायला नेहमीचं फायबरचं कुशन चालत नाही. ते दिसतं सहा-सात इंच फुगीर, पण पाठीचा भार पडला की दोन-अडीच इंच उरतं. दोन लावली तर ती एकमेकांवरून घसरतात. म्हणून टेका दोन थरांत केला. मागे कापसाची पक्की, पाच इंच जाडीची, कडेला उभी पट्टी असलेली उशी. पुढे नरम 18 इंची, मुद्दाम कमी भरलेली, जी दबून दोन इंच होईल.

मागची उशी 20 इंच रुंद, 16 इंच उंच. तिची वरची कड पाठीच्या फऱ्यांच्या खाली राहते, त्यामुळे खांदे मागे जायला जागा मिळते. ती नेहमीच्या गादीवाल्यांकडे भरून घेतली. सव्वादोन किलो कापूस बसला. ते म्हणाले, "एवढ्याशा उशीला इतका कशाला, दगड होईल." मी म्हटलं, दगडच हवाय, फक्त मधे चार टाके घाला म्हणजे कापूस एका बाजूला सरकणार नाही.

सावरीचा कापूस घ्यायचा का, असं ताईंनी विचारलं होतं. डोक्याखालच्या उशीला सावर सुखाची असते. हलकी, मऊ. पण तिचे तंतू गुळगुळीत असतात, भाराखाली लवकर बसतात. पाठीच्या टेक्याला साधा कापूसच धरून राहतो. त्याचेही कालांतराने गोळे होतात, पण तो पुन्हा पिंजून घेता येतो. उन्हात टाकला की फुलतो. फायबरचं बरोबर उलटं: धुता येतं, दाबलं तरी परत वर येतं, पण कडकपणा देत नाही. एकाच सोफ्यावर दोन्ही असायला काहीच हरकत नाही. कामाप्रमाणे भरण निवडावं.

ही उशी सोफ्यावरून सरकू नये म्हणून अभ्र्याची मागची बाजू खरखरीत कॅनव्हासची केली आणि वरच्या शिवणीत फूटभर लांब पट्टा जोडला. सोफा भिंतीला लागून आहे. पट्टा पाठीवरून मागे टाकला की सोफा आणि भिंतीच्या मधे दबून राहतो. जागा ठरवली ती आखूड बाजूच्या टोकाची, कारण तिथे हात टेकवायला सोफ्याचा हात आहे. पायांखाली पाट ठेवायची कल्पना घरातून आली, ती मी नको म्हटली. उठताना पाट आडवा येतो. पुढे सरकून बसल्यावर आजींच्या टाचा आपोआप जमिनीला टेकत होत्या.

आजींनी एकच मागणी केली: "ती जागा आजारी माणसाची दिसायला नको." मला हे फार महत्त्वाचं वाटलं. म्हणून मागच्या उशीचा पुढचा अभ्रा सोफ्याच्या जवळच्या राखाडीत घेतला. चार फुटांवरून बघितलं तर ती सोफ्याचाच भाग वाटते. दिसते ती पुढची, बारीक रेघांची.

उरलेली किती, केवढी

अकराची सहा केली, आजींचा पक्का टेका धरून. दोन 20 इंची, दोन 18 इंची आणि एक लांबट, 12 बाय 20. मापं वेगवेगळी असली की लहान कुशन मोठ्यासमोर ठेवता येतं आणि मागचं झाकलं जात नाही. सगळी 16 इंची असताना कितीही मांडली तरी नुसती रांग दिसते, आणि सात फुटी सोफ्यावर 16 इंच हरवूनच जातं. मोठ्या सोफ्याला 18च्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. लांबट एखादं चालतं, ते कमरेला उपयोगी पडतं.

भरण नवीन घेतलंच नाही. अकराही जुनी कुशनं उसवली. प्रत्येकातून साधारण 350 ग्रॅम फायबर निघालं, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. ते जुन्या पलंगपोसावर पसरून हाताने सुटं केलं. गोळे झालेलं फायबर तसंच भरलं तर बटाट्यांचं पोतं होतं, त्यामुळे या कामाला वेळ द्यावा. मुलाला हे काम दिलं आणि त्याने मन लावून केलं. 20 इंची अभ्र्यात 22 इंची आतली उशी, 18 इंचीत 20ची. आतली उशी दोन इंच मोठी असली की अभ्रा कोपऱ्यापर्यंत भरतो. बाजारातली तयार कुशनं ढिली दिसतात त्याचं मोठं कारण हेच असतं, आत तेवढ्याच मापाची नाहीतर लहान उशी आणि तीही अर्धवट भरलेली.

मुलासाठी वेगळी 24 इंची जमिनीवरची गादी केली, कापसाची, जाड तपकिरी कापडात. तो फरशीवर लोळणारच. सोफ्याची कुशनं सोफ्यावर राहायला हवी असतील तर जमिनीसाठी जमिनीची वस्तू द्यायला हवी.

कापड

रंगाकडे आम्ही इथे आलो. राखाडी सोफा, फिकी भिंत, सागवानाचा तांबूस तपकिरी. खोलीत ऊब होती ती एका कपाटातच. तो तांबूसपणा सोफ्यावर आणायचा ठरवलं: दोन मोठ्या कुशनांना विटकरी, जाड हातमागाचं साधं सुती. त्याच्यासमोर मोरपंखी. आणि दोघांना शांत करायला मातकट पांढऱ्यावर बारीक रेघ. एक साधं, एक बारीक, एक ठसठशीत, एवढ्या तिघांत काम होतं. चौथं कापड आणलं की डोळा भटकतो.

मोरपंखीसाठी ताईंच्या मनात त्यांच्या आईची जुनी पैठणी होती. घडीवर विरलेली, नेसता येण्यासारखी राहिली नव्हती. हल्ली पैठणीची कुशनं बरीच दिसतात. मी स्पष्ट नाही म्हटलं. जुनं रेशीम घडीवर विरलंय याचा अर्थ ते सगळीकडेच कमकुवत झालंय, रोजच्या घासण्याने वर्षभरात चिंध्या होतील. जरीची तार पाठीला बोचते आणि घामाने काळवंडते. त्यात आपल्या घरांत डोक्याला खोबरेल असतं, त्याचा डाग रेशमातून निघत नाही. कापायचीच असेल तर पदराचा चांगला भाग काढून काचेखाली लावा, बाकीची मलमलीत गुंडाळून ठेवा. ताई थोड्या हिरमुसल्या. पण पैठणी एकदा कापली की कापली.

त्याऐवजी खण घेतला. गुळेदगुड्डचा खण, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला, जो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी आणि ओटी भरायला येत राहिला. बारीक बुट्टीचा ठसा आणि दोन्हीकडे काठ, त्यामुळे लहानशा तुकड्यातही तो पूर्ण दिसतो. लक्ष्मी रोडवर मोरपंखी, कोनफळी काठाचा मिळाला. पण खणातही एक अडचण असते. बुट्टीचे धागे वर तरंगतात. बांगडी, घड्याळाचा पट्टा, मंगळसूत्राचा आकडा त्यात अडकतो आणि धागा ओढला जातो. अख्खं कुशन खणाचं केलं तर ते लवकर थकतं. म्हणून समोरच्या बाजूला मधोमध फक्त 8 इंचांचा पट्टा, दोन्हीकडे पाच-पाच इंच विटकरी सुती, मागची बाजू पूर्ण सुती. काठ पट्ट्याच्या दोन कडांना आले, वेगळी लेस लावायची गरज पडली नाही. लांबट कुशनालाही तसाच पट्टा. आजींच्या रोजच्या टेक्याला मात्र खण लावला नाही, तिथे रेघांचं मऊ सुती.

सगळं कापड शिवण्याआधी धुतलं. विटकरी सुती मीटरमागे दीड इंच आटलं आणि दोन पाण्यांत रंग सोडला. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रुमाल कोरा राहीपर्यंत धुवायचं. खणाचाही तुकडा आधी थंड पाण्यात बुचकळून सावलीत वाळवला. एकाच अभ्र्यात दोन कापडं असतील तर दोन्ही आधीच आटलेली असावीत, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर शिवणीवर चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

मास्तरांकडे

48 इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, 20 इंची अभ्र्याचे दोन चौकोन शेजारीशेजारी बसतात, शिवणीसकट 21-21 इंचांचे. विटकरीचे दोन जोड, म्हणजे चार अभ्रे, शिवायला 84 इंच लागले. खणाच्या अभ्र्यांच्या बाजू आणि पाठी त्याच कापडाच्या, म्हणून एकूण चार मीटर घेतलं होतं. दोन जोड हवेतच. एक धुण्यात असताना सोफा उघडा पडता कामा नये.

कोपऱ्यांवर शिंपी मास्तरांशी थोडी चर्चा झाली. सरळ चौकोन शिवला की कोपऱ्यांत भरण पोचत नाही, तिथे कापडाचे रिकामे शेंडे उभे राहतात. त्यावर उपाय असा: कोपऱ्यावर अर्धा इंच आत खूण करायची, दोन्ही कडांवर चार इंचांवर खुणा करायच्या, आणि त्या खुणांपासून आतल्या खुणेपर्यंत तिरकी रेघ मारून त्यावरून शिवायचं. कापताना कोपरा किंचित निमुळता वाटतो, भरल्यावर चौकोन अगदी चौकोन दिसतो. मास्तर म्हणाले, "वाकडं शिवलंय म्हणतील लोक." एक भरून दाखवल्यावर बाकीचे त्यांनी न सांगता तसेच केले. चेन खालच्या कडेला, पट्टीखाली लपवून. पाठीच्या मधोमध चेन असलेलं कुशन एकाच बाजूने वापरता येतं, आणि उलटसुलट करता आलं तर अभ्रा दुप्पट टिकतो.

मांडणी

एलच्या कोपऱ्यात एक विटकरी 20 इंची, त्याच्या पुढे थोडं एका बाजूला खणाचं 18 इंची. आखूड बाजूच्या टोकाला आजींचा टेका. लांब बाजूच्या टोकाला, बाल्कनीजवळ, दुसरं विटकरी आणि त्यापुढे लांबट. मधली चार फुटांची बैठक पूर्ण मोकळी. पाहुणा आला की तिथे सरळ बसतो, काही उचलावं लागत नाही. रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. ती तशीच राहू द्या, असं मी ताईंना पुन्हापुन्हा सांगितलं.

पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर लांब बाजूच्या टोकावर येतं. खण मुख्यतः कोपऱ्यात ठेवण्यामागे तेही एक कारण. तिथल्या दोन कुशनांची जागा महिन्याने बदलायची आणि पडदा ओढायचा, एवढं ठरलं. कुशनाच्या माथ्यावर तळहाताने खाच पाडायची पद्धत चित्रांत दिसते. ती पिसांच्या भरणात टिकते. फायबर लगेच परत वर येतं, त्यामुळे इथे तो खटाटोप कशाला.

पावसाळ्यानंतर

दिवाळीच्या आधी मी परत गेले. आजी सोफ्यावर होत्या आणि त्यांच्याशेजारी नातू. त्या आता स्वतःच्या स्वतः उठतात, डाव्या हाताने सोफ्याचा हात धरून. ताई म्हणाल्या, संध्याकाळचा चहा आता सगळे सोफ्यावरच घेतात, डायनिंग टेबल जेवणापुरतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मोठी दोन कुशनं जागच्या जागी असतात. लांबट मात्र सोफ्यावर राहिलं नाही, ताईंच्या यजमानांनी ते बेडरूममध्ये वाचताना कमरेमागे घ्यायला नेलं. ते परत आणू नका, असंच मी सांगितलं. खणाच्या एका पट्ट्यात धागा ओढला गेला होता. सुईने तो उलट बाजूला घेऊन गाठ मारली. वरून कात्री लावली असती तर बुट्टी उसवली असती. विटकरी अभ्र्यांना तेलाचे डाग पडले होते, पण ते साबणाने गरम पाण्यात निघतात. सुती घेण्याचं कारणच ते होतं.

कापसाचा टेका इंचभर बसला होता. कापूस पहिल्या वर्षी बसतोच, त्यात पावसाळ्याची दमट हवा. आजींना पुन्हा किंचित मागे गेल्यासारखं वाटत होतं, त्यांनी पुढे घडी केलेला टॉवेल लावला होता. उशी दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात उलटीपालटी केली, मग गादीवाल्यांकडून टाके सोडवून पाव किलो कापूस वाढवून घेतला. हे दर वर्षी पावसाळा संपल्यावर करायचं, असं आता ठरलंय.

शेजारच्या काकूंनी तसाच टेका मागितला. त्यांच्याकडे जाऊन मोजलं तर त्यांच्या जुन्या लाकडी सोफ्याची बैठक 18 इंचांची निघाली. त्यावर पाच इंची उशी ठेवली असती तर त्यांना कडेवरच बसावं लागलं असतं. त्यांना दोन इंचांचं नरम कुशन पुरलं.